पहिल्या नावाचा मोह सोडावा का? संघ बांधणाऱ्यांसाठी काही विचार

नगर जिल्ह्यात आता कबड्डी असो, टेनिस चेंडूवरचं क्रिकेट असो की फुटबॉल, गावपातळीवरच्या लीगसुद्धा लिलाव करून संघ बांधतात. संघमालकांना ठरावीक गुण मिळतात, खेळाडूंचे अ, ब, क असे गट पडतात, प्रत्येकाची मूळ किंमत ठरते आणि मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात बोली सुरू होते. काही ठिकाणी बोली नसते. तिथे चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि त्या क्रमाने एकेक संघनायक एकेक खेळाडू उचलतो. पद्धत कोणतीही असली तरी पहिल्या दहा मिनिटांत एकच प्रश्न समोर येतो. ज्याच्या नावावर सगळ्यांची नजर आहे त्याला कोणत्याही किमतीत घ्यायचं, की त्याला जाऊ द्यायचं आणि खाली सरकून त्याच मोलात दोन-तीन चांगले खेळाडू मिळवायचे? या लेखाचं उत्तर असं आहे: बहुतेक वेळा खाली सरकावं. मात्र ते डोळे उघडे ठेवून आणि आधी गृहपाठ करून सरकावं. तसं का, आणि कोणत्या वेळी सरकू नये, हे थोडं सविस्तर पाहू.

या प्रश्नाचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत. दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. याला ड्राफ्ट म्हणतात. महत्त्वाची गोष्ट ही की निवडीची पाळी विकता येते. पहिला क्रमांक असलेला संघ तो दुसऱ्याला देऊन बदल्यात खालच्या दोन-तीन पाळ्या घेऊ शकतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस संघाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी या अदलाबदलीसाठी एक भावफलकच तयार करवून घेतला. त्यात पहिल्या पाळीला 3000 गुण होते, सोळाव्या पाळीला 1000. म्हणजे एक पहिला खेळाडू बरोबर तीन सोळावे खेळाडू. हा तक्ता पुढे जवळपास सगळ्याच संघांनी वापरला आणि बाजारभाव म्हणून तो रूढ झाला. पण बाजारभाव आणि मैदानावरची किंमत एकच असते का, हे बरीच वर्षं कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

ते केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी मोजलं. थेलर यांना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांचा निबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्या खेळाडूंनी पुढच्या काही वर्षांत प्रत्यक्षात काय केलं आणि त्यासाठी संघाला किती पगार मोजावा लागला, याचा त्यांनी हिशेब मांडला. निष्कर्ष असा निघाला की वरच्या पाळीचे खेळाडू सरासरीने सरस ठरतात हे खरं, पण जितकी किंमत जास्त मोजली जाते तितके ते सरस ठरत नाहीत. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त लाभ पहिल्या फेरीच्या शेवटी आणि दुसऱ्या फेरीत निवडलेल्या खेळाडूंकडून झाला. त्याच अभ्यासातला एक आकडा संघ निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निघाली 52 टक्के. नाणं उडवलं तर ती 50 टक्के असते. ज्या लीगमध्ये प्रत्येक संघाकडे पगारी निरीक्षक आहेत, वर्षानुवर्षांच्या चित्रफिती आहेत, वैद्यकीय तपासण्या आहेत, तिथली ही अचूकता आहे. तालुक्याच्या लीगमध्ये ‘हाच पहिला आणि तो दुसरा’ असं आपण ज्या खात्रीने सांगतो, तेवढी खात्री बाळगायला आपल्याकडे काय आधार असतो, हे स्वतःला विचारून पाहण्यासारखं आहे.

लिलावात तर ही अडचण आणखी वाढते. नेप्तीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा ढीग व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. खेळाडूचा पुढचा हंगाम मात्र कुणालाच दिसत नाही, प्रत्येक जण अंदाज बांधतो. आठ मालक एका खेळाडूचा अंदाज बांधत असतील तर काहींचा अंदाज कमी असेल, काहींचा बरोबर, काहींचा फाजील. बोली कोण जिंकतो? ज्याचा अंदाज सर्वांत फाजील तो. त्याने चूक केली म्हणून असं होत नाही, लिलावाची घडणच अशी आहे. नाव जितकं मोठं, बोली लावणारे जितके जास्त, तितका हा फाजीलपणा वाढतो. क गटातल्या एखाद्या मुलावर दोघेच बोली लावत असतात, तिथे तो जवळजवळ नसतो.

मोठ्या नावाची किंमत कशी फुगते आणि खाली सरकून काय मिळतं, हे दाखवायला अमेरिकेतली दोन उदाहरणं पुरेशी आहेत. 1989 मध्ये डॅलसने आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात खेळाडू व पुढच्या वर्षांच्या निवडीच्या पाळ्या मिळून मोठा गठ्ठा घेतला. त्या वर्षी डॅलस लीगमधला सर्वांत दुबळा संघ होता. त्या पाळ्यांच्या आधारावर उभा राहिलेला संघ 1992, 1993 आणि 1995 या हंगामांत अजिंक्य ठरला. मिनेसोटाला वॉकर मिळाला, पण अजिंक्यपद नाही. दुसरं उदाहरण 2012 चं. वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूसाठी, दुसरी पाळी मिळवली आणि त्यापायी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि दुसऱ्या फेरीची एक पाळी मोजली. ग्रिफिनचं पहिलं वर्ष खरोखर देखणं झालं, मग गुडघा गेला. आणि त्याच वर्षी, त्याच संघाने, चौथ्या फेरीत कर्क कझिन्स नावाचा दुसरा क्वार्टरबॅक उचलला होता. 2015 पासून तीन हंगाम संघाची धुरा त्यानेच वाहिली. ज्या जागेसाठी एवढी किंमत मोजली, तिचं उत्तर चौथ्या फेरीत पडून होतं.

आता आपल्या मातीतलं पाहू. प्रो कबड्डी लीगमध्ये ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. पण प्रश्न तोच. सहाव्या हंगामात, 2018 मध्ये, प्रथमच खेळाडूंच्या बोलीने एक कोटीचा टप्पा गाठला आणि सहा जण तिथपर्यंत गेले. सर्वांत महाग मोनू गोयत, 1 कोटी 51 लाखांना हरयाणा स्टीलर्सकडे. हरयाणा आपल्या गटात तळाला राहिला. त्या हंगामाचं अजिंक्यपद बंगळुरू बुल्सने मिळवलं आणि त्या सहा कोट्यधीशांपैकी एकही त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्याकडे होता पवन सेहरावत, 52 लाख 80 हजारांना घेतलेला. त्याने त्या हंगामात चढाईत सर्वाधिक गुण मिळवले आणि अंतिम सामन्यात एकट्याने 22. त्याच हंगामात चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतलं आणि त्याने चढाईत दोनशेहून जास्त गुण मिळवले. पुढच्या वर्षी तोच सिद्धार्थ 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. त्याने पुन्हा दोनशेहून जास्त गुण मिळवले, म्हणजे आपलं काम चोख केलं. संघ मात्र बारा संघांत अकरावा आला. खेळाडू तोच, कामगिरी तीच. बदलली फक्त किंमत, आणि त्या किमतीमुळे भोवतालच्या खेळाडूंसाठी उरलेली रक्कम.

पवनचं पुढचं उदाहरण याहून बोलकं आहे. नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने त्याच्यावर 2 कोटी 26 लाख 50 हजार खर्च केले. संघाची एकूण खर्चमर्यादा होती 4 कोटी 40 लाख. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. तो संघ तरला कशावर? नरेंदर नावाच्या नवख्या, पहिलाच हंगाम खेळणाऱ्या चढाईपटूवर. त्याने 243 गुण मिळवले आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. दहाव्या हंगामात पवन 2 कोटी 60 लाख 50 हजारांना तेलुगू टायटन्सकडे गेला. खर्चमर्यादा 5 कोटी, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर. तो पूर्ण खेळला, दोनशेच्या वर गुणही मिळवले. टायटन्सने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि तळाला राहिले. पवनला दोष देण्याचं यात काहीच कारण नाही. तो त्याच्या पिढीतला अव्वल चढाईपटू आहे. प्रश्न आहे तो एका खांद्यावर किती भार टाकायचा याचा.

त्याच दहाव्या हंगामात गुणतालिकेत पहिला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरयाणाला 28-25 असं हरवून अजिंक्य ठरलेला संघ म्हणजे पुणेरी पलटण. त्याचा संघनायक अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्याचा. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू हा मानही त्यालाच मिळाला. अस्लम पलटणीत आला तो बोलीच्या झगमगाटातून नव्हे. प्रो कबड्डीत नव्या तरुण खेळाडूंना मुख्य लिलावाबाहेर, कमी मानधनावर घेण्याची वाट आहे, त्या वाटेने. आठव्या हंगामात राहुल चौधरी आणि नितीन तोमर यांच्यासारखी गाजलेली नावं संघात होती, तरी चढाईचा मोठा भार उचलला अस्लम आणि मोहित गोयत या नवख्यांनी. पुढे त्यांच्या जोडीला पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री असे तरुण उभे राहिले. नवव्या हंगामात हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला, तरी व्यवस्थापनाने तो मोडला नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. खाली सरकून, म्हणजे लोकांच्या नजरेआड असलेल्या थरातून खेळाडू उचलून संघ कसा उभा राहतो, हे पाहायला नगरच्या माणसाला दूर जायला नको.

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि अडवावंच. दहाव्या हंगामात पलटणीने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईवर 2 कोटी 35 लाख खर्च केले होते. पुढच्या हंगामात तोच शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरयाणाकडे गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत हरयाणा प्रथमच अजिंक्य ठरला. लागोपाठ दोन वर्षं महागडा खेळाडू विजेत्या संघात होता. मग खाली सरकण्याचा उपदेश कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण दोन्ही वेळी क्रम काय होता ते बघा. पलटणीचा पाया आधी तयार होता, कमी खर्चात तयार होता, म्हणूनच त्या एका खेळाडूसाठी रक्कम उरली होती. हरयाणाही आदल्या हंगामात अंतिम फेरी गाठलेला, जमलेला संघ होता. या दोन संघांनी भिंती उभ्या केल्यावर छत घेतलं. टायटन्सच्या बाबतीत छत आलं आणि भिंतींसाठी पैसे कमी पडले. दुसरी गोष्ट, शादलुई पकडीतला माणूस आहे आणि गरजेला चढाईही करतो. त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू त्या यादीत सहज मिळत नव्हता. चांगले चढाईपटू मात्र प्रत्येक लिलावात पाच-सहा तरी असतात. तेव्हा नियम असा काढावा: पाया असेल आणि पर्याय नसेल, तर वर जा. या दोनपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर थांबा.

असाच दुसरा आक्षेप अमेरिकन फुटबॉलमधून घेतला जातो. 2017 मध्ये कॅन्सस सिटी सत्ताविसाव्या पाळीवरून दहाव्या पाळीवर गेली, त्यासाठी तिसऱ्या फेरीची एक आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीची एक पाळी मोजली, आणि पॅट्रिक महोम्सला घेतलं. पुढे त्याने संघाला अनेक अजिंक्यपदं मिळवून दिली. वर सरकणं फळाला आल्याचं हे ठळक उदाहरण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षी शिकागोने क्वार्टरबॅकसाठीच तिसऱ्या पाळीवरून दुसऱ्या पाळीवर जायला जास्तीच्या तीन पाळ्या मोजल्या आणि मिच ट्रुबिस्कीला घेतलं. महोम्स तेव्हा उपलब्ध होता. सर्वांच्या आधी निवडण्याचा हक्क विकत घेता येतो, योग्य माणूस ओळखण्याची नजर त्यासोबत येत नाही. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. मॅसी-थेलर यांचा बराचसा हिशेब त्या काळातला आहे जेव्हा पहिल्या पाळीच्या नवख्यालाच प्रचंड पगार द्यावा लागे. 2011 च्या करारानंतर तो पगार खूप खाली आला, त्यामुळे तिथे पहिली पाळी पूर्वीइतकी तोट्याची राहिलेली नाही. आपल्या गुण-लिलावात मात्र तशी काही मर्यादा नसते. इथे पहिलं नाव अजूनही जुन्याच भावाने विकलं जातं.

आपल्याकडच्या फुटबॉलचाही एक दाखला आहे. इंडियन सुपर लीगने 2017 च्या जुलैमध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला. सर्वांत महाग दोघे, अनस एडाथोडिका आणि युजेनसन लिंगडोह, प्रत्येकी 1 कोटी 10 लाख. अनसला जमशेदपूरने घेतलं, लिंगडोहला कोलकात्याच्या एटीकेने. लिंगडोह हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला. दहा संघांत एटीके नवव्या स्थानी राहिला आणि जमशेदपूर पाचव्या, म्हणजे दोघेही उपांत्य फेरीबाहेर. एका हंगामावरून सिद्धांत बांधू नये, पण वरच्या पुराव्याशी हे जुळतं.

कबड्डीत तळापर्यंत भक्कम संघ का लागतो याचं कारण खेळाच्या नियमांतच आहे, आणि गावच्या लिलावात नेमकं तेच विसरलं जातं. चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो. त्याला आत आणायला बाकीच्यांनी गुण मिळवावा लागतो. म्हणजे तुमचा सर्वांत महाग खेळाडू किती मिनिटं मैदानावर राहील, हे तुमच्या सर्वांत स्वस्त खेळाडूंच्या हातात असतं. कोपरे कच्चे असतील तर समोरचा चढाईपटू निवांत गुण नेतो, तुमचा चढाईपटू बाहेरच बसून राहतो आणि लोण चढतं. दुसरा आणि तिसरा चढाईपटू नसेल तर प्रतिस्पर्धी तुमच्या पहिल्यासाठी साखळी बांधून वाट पाहतात. टेनिस क्रिकेटच्या आखूड सामन्यात तर एका गोलंदाजाला दोनच षटकं मिळतात. तो कितीही भेदक असला तरी उरलेली षटकं कुणीतरी टाकायचीच असतात. उलट पाच जणांच्या फुटबॉलमध्ये एक असामान्य खेळाडू सामना एकहाती फिरवू शकतो, कारण चेंडू सतत त्याच्याकडे देता येतो आणि तो बाद होत नाही. म्हणून लिलावाला बसण्याआधी नियमपत्रिका वाचा. खेळ जितका एका माणसाच्या पायाशी येईल तितकं पहिल्या नावाचं मोल जास्त. जितका तो सात किंवा अकरा जणांत वाटला जाईल तितकं खाली सरकण्याचं मोल जास्त.

आता प्रत्यक्ष तयारी. समजा तुमच्याकडे 10,000 गुण आहेत आणि 12 खेळाडू घ्यायचे आहेत. सरासरी एका खेळाडूला 833 गुण येतात. पहिल्या नावावर 5,000 घातले की उरलेल्या अकरांसाठी प्रत्येकी सुमारे 450 राहतात, आणि ब गटातल्या बऱ्याच खेळाडूंची बोली त्याच्या वर जाते. हा हिशेब बोलीच्या तापात डोक्यात होत नाही, म्हणून तो आदल्या रात्री कागदावर करा. त्याहून महत्त्वाचं काम याद्यांचं. संघातल्या तीन जाणत्यांनी एकमेकांशी न बोलता स्वतंत्र यादी करावी आणि मग तिन्ही समोर ठेवाव्यात. ज्या नावावर तिघांचं एकमत आहे ते खरं ठळक नाव. ज्याला एकाने दुसरा आणि दुसऱ्याने नववा ठेवलं आहे, तिथे तुमची माहिती अपुरी आहे असं समजावं. मग क्रमांक पुसून टाका आणि पायऱ्या करा: हे तिघे सारख्याच तोडीचे, त्याखाली हे पाच, त्याखाली हे सात. सगळी युक्ती या पायऱ्यांत आहे. एका पायरीवर तिघे शिल्लक असतील तर पहिल्यासाठी जीव टाकू नका, तिसरा बहुधा सर्वांत स्वस्तात मिळेल. पायरीवर एकच उरला असेल आणि खालची पायरी बरीच खाली असेल, तर तिथे मात्र हात सैल सोडा. प्रत्येक नावापुढे वरची मर्यादा लिहा आणि बोली लावणाऱ्याला ती ओलांडण्याचा अधिकार देऊ नका, मग तो मालक स्वतः का असेना.

जिथे चिठ्ठीने क्रम ठरतो तिथे पद्धत नीट समजून घ्या. आठ संघ आहेत आणि दर फेरीत क्रम तोच राहणार असेल, तर पहिल्या संघाला 1, 9, 17, 25 या निवडी मिळतात आणि आठव्याला 8, 16, 24, 32. इथे पहिला क्रमांक प्रत्येक फेरीत पुढे असतो, तो फुकट सोडू नका. पण दर फेरीला क्रम उलटत असेल तर पहिल्याला 1, 16, 17, 32 आणि आठव्याला 8, 9, 24, 25 मिळतात. या पद्धतीत खाली असणं तोट्याचं नाही. आठवी आणि नववी निवड लागोपाठ येते, त्यामुळे एकत्र खेळलेले डावा आणि उजवा कोपरा जोडीने उचलता येतात. अशी जोडी, जिला एकमेकांच्या हालचाली ठाऊक आहेत, आठवडाभराच्या सरावाने तयार होत नाही. आयोजक परवानगी देत असतील तर पहिल्या क्रमांकाचा संघ आपली पाळी देऊन पुढच्या फेरीतली चांगली पाळी मागू शकतो. हा व्यवहार निवडीआधी, आयोजकांसमोर आणि लिहून करावा. तोंडी अदलाबदलीतून पुढे भांडणं होतात आणि ती मैदानावर उतरतात.

दोन धोके सांगायलाच हवेत. पहिला, खाली सरकण्याच्या नादात गुण वाचवत बसणं. लिलाव संपल्यावर उरलेल्या गुणांना काडीची किंमत नसते. सुरुवातीला थांबायचं ते मधल्या टप्प्यात, इतरांचे गुण संपत आल्यावर, ठामपणे घेण्यासाठी. दुसरा धोका मोठा आहे: खालचे खेळाडू ठाऊकच नसणं. ज्याला फक्त पहिली पाच नावं माहीत आहेत त्याने खाली सरकूच नये. तो खाली येऊन चार अनोळखी नावं उचलेल आणि दोष मात्र पद्धतीला देईल.

प्रायोजकांचा आणि प्रेक्षकांचा मुद्दाही खरा आहे. मोठं नाव असलं की फलक लागतात, वर्गणी येते, गर्दी जमते. ज्यांना एका वर्षापुरताच संघ काढायचा आहे, त्यांना हे गणित मोहात पाडेल. पण गर्दी बाद फेरीला जास्त येते, आणि तिथे पोहोचायला संघ लागतो. शिवाय मोठ्या नावाचा खेळाडू नोकरीतला असला तर रजेचा प्रश्न असतो, त्याच आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात त्याची स्पर्धा असू शकते. बोली लावण्याआधी तो सगळे दिवस हजर राहील का आणि गुडघा-खांदा ठीक आहे का, एवढं तरी त्यालाच फोन करून विचारा. ज्येष्ठ खेळाडू पोरांना शिकवतो हा आक्षेप मला सर्वांत पटतो. पण त्यासाठी सर्वांत महाग चढाईपटूच कशाला हवा? वय झालेला, किंमत उतरलेला, पण मैदान वाचू शकणारा एखादा जुना मध्यरक्षक हेच काम कमी गुणांत करतो, आणि अटीतटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत साखळीला धीर देतो.

तेव्हा पुढच्या लिलावाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका. शालेय स्पर्धा, कुमार गटाचे सामने आणि जिल्हा निवड चाचण्या बघायला आतापासून जा, वही घेऊन जा. कोण हरल्यावरही पकडीला उभा राहतो, कोण तिसऱ्या चढाईला डगमगत नाही, कोण बदली म्हणून आल्यावर लगेच खेळात शिरतो, ते लिहून ठेवा. पारनेर, शेवगाव, पाथर्डी, कर्जत, राहाता, कुठेही असा. ती वही भरली असेल तर पहिलं नाव दुसऱ्याकडे जाऊ द्या आणि आपली बोली मधल्या टप्प्यासाठी राखा. वही कोरी असेल, तर या वर्षी खाली सरकू नका.